सुभेदार खाणीत भ्याले त्याची गोष्ट

दिनकर,

परवा शालनवहिनींना सगळं खरं सांगितलं आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही. "अण्णा, तुमी त्यांचं मैतर. त्यांच्या माघारी त्यांचं नाव राखायला बोलताय, मला कळतंय. पर ऱ्हाऊ द्या आता," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तुझ्या बैठकीच्या खोलीत मी एकटा बसून राहिलो. समोर तुझा फोटो, वर्दीतला. त्याच्याकडं बघून मी तुला एक शिवी दिली. हळू दिली, वहिनींना ऐकू गेली नसावी.

पुढं काय झालं ते सांगतो. पण मला गोष्ट मधनंच सांगता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तेव्हा आता तू निवांत आहेस, तर पहिल्यापासून ऐक.

तुझ्या तेराव्याला गावात मांडव टाकला होता. पाटणहून तुझ्या गावाकडं वळणाऱ्या रस्त्यावर गाड्या लावायला जागा नव्हती. तुझ्या बरोबरीची लष्करातली माणसं छातीवर पदकं लावून पुढं बसली होती. आपल्या सकाळच्या फिरण्यातले प्राचार्य बोलायला उठले. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली तरी माईक दिसला की त्यांना तास घ्यावासा वाटतो. त्यांनी खाणीची गोष्ट काढली. उभा जन्म सुरुंग लावण्यात आणि काढण्यात घालवलेला आमचा सुभेदार बोलिव्हियाच्या खाणीत शिरला आणि थोडक्याच वेळात परत फिरला, पण मन केवढं मोठं, स्वतःच्या तोंडानं सांगितलं की मी भ्यालो. लोक डोळे पुसता पुसता हसले. प्राचार्यांनी प्रेमानंच सांगितलं, त्यांचा काही दोष नाही. वहिनी बायकांत बसल्या होत्या, त्या तेवढ्या हसल्या नाहीत. तुझ्या पलटणीतला एक म्हातारा हवालदार मान खाली घालून चपलेचा अंगठा चाचपत राहिला.

त्यांच्यानंतर माझं नाव पुकारलं. मी साताऱ्याच्या होस्टेलवर बोललो. तू माझ्या ताटातली बटाट्याची भाजी पळवायचास आणि मी तुझ्यामागं अंगणभर धावायचो, ते बोललो. खाणीबद्दल एक शब्द काढला नाही.  परत येताना गाडीत कराड येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही, आणि सगळ्यांना वाटलं अण्णांना दुःख झालंय. दुःख होतंच. पण त्यावेळी वाटत होती ती लाज.

ती ट्रिप मुळात तुझी. कृष्णाकाठी सकाळी फिरणारे आपण चौदा जण. दरवर्षी कुठं जायचं यावर दोन महिने भांडायचं आणि शेवटी कुणाच्या तरी जावयाच्या ओळखीनं काश्मीर नाहीतर दुबईला जायचं, हा आपला शिरस्ता. त्या वर्षी तू टूरवाल्याकडनं दक्षिण अमेरिकेचा कागद आणलास. बाकीच्यांनी डोंगरावरची जुनी शहरं बघितली, तळं बघितलं, आपल्या बायकांचे फोटो तिथं कसे येतील ते बघितलं. तू टूरवाल्याला एकच विचारलंस, "चालू खाण आत जाऊन बघाय मिळती का?"

कशासाठी ते मला एकट्याला माहीत होतं. तुझे वडील कोयनेच्या बोगद्यात कामाला होते. आत जाताना पितळी बिल्ला तोंडाशी खिळ्यावर टांगायचा आणि बाहेर आलं की काढून घ्यायचा. खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. काम संपलं तेव्हा तो बिल्ला ते घरी घेऊन आले. बरोबर खोकलाही आणला, तो शेवटपर्यंत गेला नाही. आत काय होतं, कसं होतं, हे त्यांनी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंस की म्हणायचे, "आंधार आस्तूय, दुसरं काय." तू लष्करात डोंगर फोडलेस, पूल बांधलेस, पण बोगद्याच्या पार टोकाशी, जिथं माणूस समोरच्या दगडाला छिद्र पाडतो तिथं, तुझी कधी नेमणूक झाली नाही. सत्तरीला टेकल्यावर तुला तेवढंच एक बघायचं होतं. मी म्हणालो, मी येतो तुझ्याबरोबर. कुपवाडच्या कारखान्यात भट्टीच्या तोंडाशी चाळीस वर्षं काढलीत, मला काय धाड भरलीय? हे मी सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणालो होतो. लक्षात ठेव, पुढं उपयोगी पडेल.

तिकडची गावं तुला लय आवडली. उतरणीवर लागलेली घरं, रस्त्याच्या कडेला पाठीवर गाठोडं बांधून बसलेल्या बाया, जरा चढ लागला तरी धापा. तिथले लोक गालात कोकाची पानं धरून त्याला कसल्या तरी राखेची गोळी लावतात, हे बघून तू खिशातनं चुन्याची डबी काढून एका म्हाताऱ्याला दाखवलीस. तो असा हसला, की तुम्ही दोघं एका पलटणीतले असावेत. भाषा एकमेकांची येत नव्हती आणि अर्धा तास बोलत होतात.

माझे मात्र हाल. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी मुनिमहाराजांसमोर कंदमुळं न खायचा नियम घेतला होता. आम्हा जैनांतले निम्मे लोक बिनदिक्कत बटाटा खातात, मीही खायचो, होस्टेलवर तर त्यासाठी मारामाऱ्या केल्या. पण आईचा हात हातात घेऊन बटाटा सोडला तो सोडला. आणि नेलंस कुठं मला, तर बटाट्याच्या माहेरी. सूपात बटाटा, भातात बटाटा, भाकरीसारखं काही दिसलं की त्याच्या पोटात बटाटा. बाजारात पिवळे, जांभळे, काळे, बोटांएवढे लांब. मी चटणी-भडंगावर दिवस काढत होतो. तू माझ्यासमोर बसून मिटक्या मारायचास आणि म्हणायचास, "भूपाल्या, जमिनीखालचं खाईत न्हाईस, मग जमिनीखाली जातुयास कशाला?" मी म्हणायचो, जाण्यात हिंसा नाही. तुझं म्हणणं, ते आत गेल्यावर कळंल.

खाणीत जायच्या आधी बाजारात आपलं खरं भांडण झालं. आत जाणाऱ्यांनी खाणकामगारांसाठी काहीतरी भेट घ्यायची, अशी तिथली रीत. पानं, थंड पेयाच्या बाटल्या, हातमोजे, आणि उघड्यावर, शेंगदाण्याच्या पुड्या ठेवाव्यात तशा, सुरुंगाच्या कांड्या. तू आधी दुकानदारणीवरच चिडलास, की असला माल असा ठेवतात होय. मग वात, स्फोटाची टोपी, कांडी सगळं नीट तपासून दोन घेतल्यास. मी म्हणालो, मी असलं कुणाला देणार नाही. मी हातमोजे घेतले आणि शिवाय आपलं भडंग. तू म्हणालास, "त्येंच्याकडं हातमोजं हायत. त्येंला कांडी लागती, ती त्येंनाच इकत घ्यावी लागती. तुला काय द्यावंसं वाटतंय ते देतुयास. त्येंला काय लागतंय त्ये इचार की." मी म्हणालो, मला नाही पटत. तू म्हणालास, नगं पटू दे. बसमध्ये आपण वेगवेगळ्या बाकांवर बसलो. या वादात तू बरोबर होतास की मी, ते आजही मला ठरवता येत नाही. तू दिलंस तसं कुणाला देणं मला जमलं नाही, एवढं मात्र कळलंय.

चौदातले सहाच आत जायला तयार झाले. वाटाड्या रुफिनो, स्वतः खाणीत काम केलेला, तुझ्यासारखाच आखूड आणि रुंद. खाणीच्या तोंडाशी एक दगडी खोली होती. तोंडाची राखण करणारी बाई तिथंच राहते, चुलीवर पातेलं ठेवून. तिच्या दाराच्या चौकटीला खिळा होता. तू गळ्यातला वडलांचा बिल्ला काढून त्याला टांगलास. ती तुझ्याकडं बघत राहिली. तू खुणेनं सांगितलंस, मी आत, हा इथं. मी बाहेर, हा माझ्याकडं. ती समजली, मान हलवली.

आत वळणावर त्यांचा देव बसला होता. मातीचा, शिंगांचा, तोंडात विडी. रुफिनो त्याला मामा म्हणतो असं आपल्याबरोबरची दुभाषी पोरगी बाहेरच सांगून गेली होती. तू म्हणालास, आपल्या म्हसोबाचा पावणाच हाय ह्यो. तिथं प्रत्येकाला टोपणभर दारू देतात, दोन थेंब जमिनीला सांडायचे आणि उरलेली प्यायची. मी पीत नाही, म्हणून सगळीच्या सगळी जमिनीवर ओतली. रुफिनो माझ्याकडं बघतच राहिला आणि छातीवर हात ठेवून वाकला. जमिनीचा एवढा मोठा भक्त त्यानं कधी पाहिला नसावा. तू हसू दाबताना खोकलास, आणि मला वाटतं खाणीतलं माझं शेवटचं सुख तेच.

कारण पुढच्या दहा-वीस पावलांत छत खाली आलं. वाकून चालायचं, पायाखाली चिखल, तोंडावर धूळ, आणि हवा घ्यावी तर छातीत उतरतच नव्हती. बाकीचे चौघं पुढच्या वळणाआड गेले होते, रुफिनो आपल्या दोघांसाठी मागं थांबला होता. लांबून, दगडाच्या आतून, ठोके ऐकू येत होते. तू थांबलास, कान दिलास आणि मागं वळून म्हणालास, "आईकलंस? छिद्र पाडायला लागल्यात." तुझ्या टोपीवरच्या दिव्यामागं तुझा चेहरा मला दिसला नाही, पण आवाज आठवतो. तो होस्टेलातला होता. आणि नेमका तेव्हाच मी खाली बसलो. मला वाटलं मी मरतोय. मी तुझी पँट धरली आणि लहान मुलासारखा रडायला लागलो. "बाहेर काढ मला, दिन्या," म्हणालो. हे मी पहिल्यांदा लिहितोय, म्हणून नीट लिहितो: तू भ्याला नव्हतास. मी भ्यालो होतो.

तुझं टोक तिथनं किती लांब होतं कोण जाणे. रुफिनोनं बोटं दाखवली होती, थोडंच राहिलंय. ट्रॉली घेऊन बाहेर निघालेला एक कामगार होता, त्याच्याबरोबर मला एकट्याला पाठवता आलं असतं. तू तसं विचारलंही नाहीस. सुरुंगाच्या कांड्या रुफिनोच्या हातात दिल्यास, माझ्या काखेत हात घातलास आणि वळलास. ठोके चालूच होते. आपण त्यांच्यापासून लांब लांब गेलो.

बाहेर उन्हात मला धरून बसवलंस. मला उठता येईना. दोन दिवस पोटात धड काही नव्हतं, हेही त्यात आलं. त्या बाईनं फडक्यातला उकडलेला बटाटा सोलून, मीठ लावून माझ्यापुढं धरला. मी मान हलवली. तू तिच्या हातनं घेतलास आणि माझ्या तोंडाशी आणलास. "खा."

"नियम हाय, दिन्या."

"खा म्हनतुया न्हवं. तुज्या आईला मी सांगतो."

मी खाल्ला. अजून मागितला. रडत रडत दोन बटाटे खाल्ले आणि तिसरा तोंडात असताना बाकीचे चौघं हसत, चिखलात माखून बाहेर आले. प्राचार्यांनी विचारलं, अरे काय झालं तुम्हाला? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मला न्हाई जमलं गड्यांनो. छाती दडापली. मीच अण्णाला म्हनलं, मला भाईर काड." आणि खिळ्यावरचा बिल्ला काढून खिशात घातलास.

मी बोललो नाही कारण तोंडात बटाटा होता. असं मी स्वतःला बरेच महिने सांगत आलो. पण बटाटा गिळायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी तुला विचारलं, सांगू का त्यांना? तू खिडकीबाहेर बघत होतास. "ऱ्हाऊ दे रं. मला कुणी भित्रा म्हनलं तर मला काय हुतंय? मी न्हाई, ह्ये मला ठावं हाय. तुला म्हनलं तर तुला लागंल." मग थोड्या वेळानं, "कारन तुलाबी ठावं हाय." हे तू चिडून बोलला नाहीस, म्हणून ते जास्त लागलं. मी गप्प बसलो, आणि ती गप्प राहायची सवयच झाली.

सांगलीत आल्यावर गोष्ट घाटावर गेली, तिथनं तुझ्या गावात. तू स्वतः तिच्यात मीठमसाला घालायचास. औंधला यमाईच्या डोंगरावर गेलो तेव्हा प्राचार्य पायऱ्यांवर बसून धापा टाकत तीच गोष्ट नव्या लोकांना सांगत होते, आणि तू वर पोचून आमची वाट बघत उभा होतास. मी त्या गोष्टीला हसलो. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो. तू वरनं ओरडलास, "या की, भित्र्याच्या मागनं." सगळे हसले. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. म्हटलं, बोलू कधीतरी, घाई काय आहे. घाई होती, हे तीन आठवड्यांपूर्वी कळलं.

म्हणून परवा वहिनींकडं गेलो. सगळं सांगितलं, फक्त बटाट्याचं सोडून. ते सांगायची गरज वाटली नाही. खरं तर सांगवत नव्हतं. तर त्यांनी विश्वासच ठेवला नाही. चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मला त्येंनी सोता सांगितलंय, अण्णा. आल्या दिवशीच. बिल्ला पेटीत ठिवला आनि म्हनलं, शालन, बाच्या जागी जायाचं काळीज न्हाई माज्यात. मग कवा त्यो बिल्ला भाईर काडला न्हाई."

दिन्या, हे मला माहीत नव्हतं. बायकोलासुद्धा खोटं सांगितलंस? आणि असलं? मला वाटलं होतं घरी तरी खरं सांगितलं असशील, दोघं मिळून माझ्यावर हसत असाल. वहिनी दीड वर्ष हे मनात धरून होत्या, की आपला माणूस बापाच्या वाटेवरनं भिऊन परत आला आणि त्याला ते कायमचं लागलं. तुझ्या शेवटच्या दिवसांतही त्यांच्या मनात हेच होतं. तेराव्याला लोक हसले तेव्हाही हेच.

मी म्हणालो, वहिनी, मीच भ्यालो होतो. त्या म्हणाल्या, "बरं." लेकरू हट्टाला पेटलं की म्हणतात तसं. तुझ्या खोट्याचं काम इतकं पक्कं होतं, की माझं खरं त्यापुढं लुळं पडलं.

मग मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी बटाटा खाल्ला. उकडलेला. तीन."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तुझ्या घरात मी इतक्या वर्षांत किती वेळा जेवलो असेन, आणि प्रत्येक वेळी त्यांनी माझ्यासाठी बटाट्याशिवायचा रस्सा वेगळ्या पातेल्यात केला. आईच्या पहिल्या पुण्यतिथीला माझ्या शेजारी त्याच बसल्या होत्या.

"बटाटा?" त्या म्हणाल्या. "तुमी?"

"दिन्यानं भरवला. मला उठता येत नव्हतं."

 त्यांनी पदर तोंडाला लावला, मला वाटलं रडताहेत, तर हसत होत्या. हसता हसता रडल्या. "मंजी खरंच हाय की ह्ये," म्हणाल्या. "आसलं कुनी उगंच कशाला सांगंल सोताबद्दल?" आणि मग एकदम, तुझ्या फोटोकडं बघून, "किती खोटं बोललासा वो माज्याशी."

उठून आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बिल्ला घेऊन आल्या, पदरानं पुसला. फोटोच्या खाली कॅलेंडरचा एक खिळा रिकामा होता, त्याला टांगला. आत गेलेल्या माणसाचा बिल्ला खिळ्यावर असतो, हे त्यांना तुझ्या वडलांपासून माहीत. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो. चहा गार झाला होता, तो त्यांनी परत गरम करून दिला.

रविवारी घाटावर हे सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. प्राचार्यांना शेजारीच बसवणार. त्यांना वाटेल अण्णांचं मन केवढं मोठं, मित्रासाठी सगळं स्वतःवर घेतलं. मग मी बटाट्याचा परिच्छेद परत वाचीन. तुझ्या गावीही जाऊन वाचणार आहे, त्या हवालदारासमोर. माझ्यानं एवढंच होण्यासारखं आहे, आणि ते उशिरा होतंय.

तुझ्याकडं मात्र एक काम राहिलंय. मी विसरलेलो नाही. आईला तू सांगणार होतास.